नलूच्या कॉम्प्युटरचे सोवळे

चारकोप, कांदिवली (पश्चिम)
आश्विन वद्य तृतीया, शके १९१०

तीर्थस्वरूप काशीराम भावोजींच्या पायांशी दत्तारामाचा साष्टांग नमस्कार पोचावा. (साष्टांग हा शब्द सवयीने लिहिला. आमच्या बाहेरच्या खोलीत सध्या माणसाने पालथे पडावे एवढी जमीन उरलेली नाही. तूर्त आठांपैकी पाच अंगांचा नमस्कार गोड मानून घ्यावा. राहिलेली तीन अंगे जागा रिकामी होताच पाठवून देतो.) आपली कंबर काय म्हणते? डॉक्टरांनी गोणी उचलायला मनाई केल्यापासून आपण त्या फक्त कोणी बघत नसताना उचलता, असे आक्काने कळवले आहे. आक्काचे गुडघे बरे असावेत. इकडे शकु, मी आणि आपली नलिनी असे तिघेही खुशाल आहोत. घरात चौथाही एक आहे. तो मध्यंतरी खुशाल नव्हता, आता आहे, आणि हे पत्र बरेचसे त्याच्याविषयी आहे.

आपले नवरात्रातले पत्र आणि त्याच्या पाठोपाठ आपल्या गिरणीच्या तांदळाची गोण, दोन्ही मिळाली. गोण उचलायला दोन माणसे लागली. पत्र मी एकट्याने उचलले, पण दोहोंत जड तेच होते. नलूने बँकेच्या नोकरीचा राजीनामा दिला हे आपल्याला तिच्याकडून न कळता कणकवलीच्या स्टँडवर कळले, याचे आपल्याला वाईट वाटले, ते योग्यच आहे. बँकेची पक्की नोकरी सोडून मुलगी लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणते आणि मामाच्या घरात कॉम्प्युटर जुळवते, हे कुठल्याही बापाला चहाबरोबर ऐकायला आवडणार नाही. मला आपण दोन आज्ञा केल्या. एक, मुलीची समजूत घालावी. दोन, राजीनामा मागे घेण्याचा जो अर्ज आपण वकिलांकडून इंग्रजीत लिहून घेऊन सोबत जोडला, त्यावर तिची सही घेऊन महिनाअखेरीच्या आत तो बँकेत पोचवावा. न जमल्यास पाडव्याला आपण स्वतः येऊन तिला कणकवलीला घेऊन जाल. (अर्जात नलूने ‘तात्पुरत्या अस्वास्थ्यामुळे’ राजीनामा दिल्याचे लिहिले आहे. मी तो तिला वाचून दाखवला. तिने विचारले, “अस्वास्थ्य कोणाचं, मामा? माझं की बाबांचं?” व्याकरणदृष्ट्या दोन्ही अर्थ संभवतात, असे मी सांगितले.)

भावोजी, मी आपली आज्ञा मोडली असे कृपा करून समजू नका. समजूत घालायला मी रोज निघत होतो. शाळेतून घरी आलो, हातपाय धुतले, घसा साफ केला आणि ‘नलू, जरा इकडे बस’ एवढे वाक्य तयार ठेवून बाहेरच्या खोलीत पाऊल टाकले, की ती वर न बघता म्हणे, “मामा, आलास? जरा ही बॅटरी धर. अशी नाही. तिरकी.” आता बॅटरीचा उजेड एका ठिकाणी स्थिर धरायचा आणि त्याच वेळी मुलीला संसार, भविष्य, प्रॉव्हिडंट फंड हे विषय समजावून सांगायचे, ही दोन्ही कामे एका माणसाला साधत नाहीत. मी बॅटरी धरली. ती मी रोज धरली. आता मला कुठला स्क्रू कोणत्या भोकाचा हे सांगता येते, पण समजूत मात्र घालायची राहिली.

ती बँक का सोडते हे एकदा तिच्याच शब्दांत सांगतो, म्हणजे आपल्याला रागवायला नीट आधार मिळेल. बँकेच्या शाखेत मागच्या वर्षी एक कॉम्प्युटर आला. त्याला हार घातला, पेढे वाटले, मखमलीची झूल शिवली. मग युनियन म्हणाली हात लावायचा नाही आणि साहेब म्हणाले हात लागला तर मोडेल. या एका मुद्द्यावर त्या दोघांचे आयुष्यात पहिल्यांदा एकमत झाले. नलू बी.एस्सी. झालेली, संध्याकाळचा कॉम्प्युटरचा वर्ग पुरा केलेला, आणि तिचे टेबल नेमके त्या झुलीसमोर. “रोज आठ तास झाकलेल्या देवासमोर बसायचं आणि दर्शन नाही. मामा, त्यापेक्षा मी माझा देव घडवते ना!” झाले. (हा ‘ना’ मुंबईचा आहे. कणकवलीत असती तर नुसते ‘घडवते’ म्हणाली असती आणि तेवढ्यानेही आपल्याला राग आला असता.)

तर हा देव घडतो कसा, ते ऐका. लाकडी चौरंगावर धुतलेला सुती पंचा अंथरायचा. त्यावर मदरबोर्ड नावाची एक हिरवी फळी ठेवायची. तिच्यावर सोनेरी रेघांची इतकी दाट वस्ती आहे की आमच्या सेक्टरचा नकाशा त्यापुढे विरळ वाटावा. त्या फळीत मुंगळ्यासारख्या काळ्या, पुष्कळ पायांच्या चिपा बसवायच्या. एकही पाय वाकता कामा नये. शकु हे पाहून म्हणाली, “अगं, हे तर गव्हल्या वळण्यापेक्षा बारीक काम.” आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरातल्या तिच्या मालकीच्या वस्तू एकेक करून चौरंगाकडे जाऊ लागल्या. चिमटा गेला. लोणच्याची बरणी स्क्रू ठेवायला गेली. जुना मऊ कुंचला गेला. माझ्या चष्म्याचे घर गेले, ते अजून आलेले नाही.

आणि सोवळे! भावोजी, मी संस्कृत शिकवतो, आपल्या वडिलांच्या घरचे सोवळे-ओवळे डोळ्यांनी पाहिले आहे, पण या मुलीच्या सोवळ्यापुढे ते म्हणजे धर्मशाळा. चौरंगाला हात लावण्यापूर्वी हात धुऊन, कोरडे करून, मोरीतल्या नळाच्या लोखंडी पाइपाला स्पर्श करायचा. मी विचारले, ही कुठली शुद्धी? तर माणसाच्या अंगात वीज साठते म्हणे, ती पाइपातून जमिनीत सोडून मगच चिपेला शिवायचे. नाहीतर आपल्याला काही कळत नाही आणि चिप बिचारी जागच्या जागी मरते. नळ म्हणजे आमची गंगा झाली. शकु तर भाजी चिरतानाही जाता-येता नळाला शिवू लागली. या सोवळ्यातली सगळ्यात मोठी गंमत अशी की त्यात रेशीम चालत नाही. लोकर नाही, नायलॉन नाही, रेशीम तर मुळीच नाही. रेशमाच्या घासण्याने अंगात वीज येते. आपल्याकडे जे नेसल्याशिवाय देवाजवळ जाता येत नाही, ते नेसले की या देवाजवळ जायचे नाही! मी शास्त्रार्थ करून पाहिला. ती म्हणाली, “तुझ्या देवाला शॉक लागत नाही, मामा. माझ्याला लागतो.” यावर कुठल्याही भाष्यकाराने काही लिहून ठेवल्याचे मला आठवत नाही.

(रेशमाचे हे नीट लक्षात ठेवा. पुढे ते उपयोगी पडणार आहे, म्हणजे निरुपयोगी पडणार आहे.)

घराचे अर्थिंग तिला पसंत पडेना. तेव्हा शेजारचे भीमराज कांबळे, जे वीज कंपनीत आहेत, ते पहार घेऊन आले आणि त्यांनी अंगणात खड्डा खणून तांब्याची पट्टी पुरली. अशा खड्ड्यात मीठ घालायची रीत असते. शकु मिठाची बरणी घेऊन उभीच होती. कांबळे म्हणाले, “वहिनी, राहू द्या. ही चारकोपची जमीन आहे. काल-परवापर्यंत इथे खाडी होती. हिला मीठ देणं म्हणजे वर्सोव्याला मासळी पाठवणं.” आम्हाला ज्या खारट जमिनीत अजून तुळस धरत नाही, ती जमीन कॉम्प्युटरला उत्तम मानवली. प्रत्येकाचा पत्रिकायोग असतो.

मग वायरी. वीज पुरवणाऱ्या डब्यातून दोन जुडगे निघतात आणि ते फळीत शेजारी-शेजारी बसवायचे असतात. उलटे बसले तर सगळे जळते. नियम एवढाच की दोन्ही जुडग्यांतल्या काळ्या वायरी मध्ये एकमेकींना खेटून आल्या पाहिजेत. नलू हे इतक्यांदा पुटपुटत होती की मला राहवेना. मी म्हणालो, जे लक्षात ठेवायचे ते छंदात बांधावे, आणि तिथल्या तिथे अर्धा श्लोक रचून दिला:

कृष्णः कृष्णेन संयोज्यः, अन्यथा धूमदर्शनम्।

म्हणजे काळा काळ्याशीच जोडावा. नाहीतर धुराचे दर्शन घडते. (धूर दिसल्यावर अग्नीचे अनुमान करायला न्यायशास्त्र शिकलेला माणूस घरात हजर होताच.) नलूला तो इतका आवडला की तिने कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. एवढ्या वर्षांच्या माझ्या संस्कृताध्यापनात शिष्याने स्वखुशीने चिकटवलेला हा पहिलाच श्लोक.

पहिल्यांदा बटण दाबले तेव्हा शकु देवापाशी उभी राहिली आणि मी दाराबाहेर; विद्वत्तेचा आणि धैर्याचा संबंध नाही. यंत्राने एकच बारीक शिट्टी दिली. मी आत डोकावलो. नलू पाटावर बसली होती. तोंडाला हात लावलेला, डोळे पडद्यावर, आणि पडद्यावर हिरवे आकडे आपोआप चढत होते. “एकच शिट्टी, मामा! एक म्हणजे सगळं बरोबर!” शकुला ही भाषा लगेच समजली. तिच्या कुकरला तीन लागतात, याला एकच. तेव्हा याची तब्येत जास्त चांगली, असा तिने निर्णय दिला. भावोजी, मी बरीच मुले बोर्डाच्या परीक्षेला पहिल्या वर्गात आलेली पाहिली आहेत. पण नुसत्या तुकड्यांतून एक वस्तू आपल्या हातांनी उभी केल्यावर माणसाचा चेहरा कसा होतो, तो मी याआधी एकदाच पाहिला होता.

येथे थोडे विषयांतर करतो. त्याचा या पत्राशी काही संबंध नाही. आपण परळच्या गिरणीतली पक्की नोकरी सोडून गावी परत आलात, ते वर्ष आपल्याला आठवत असेल. मी तेव्हा आक्काकडे सुट्टीला आलो होतो. मालवणच्या कुठल्या लाँचमधून काढलेले एक गंजके इंजिन आपण बैलगाडीवर घालून आणलेत आणि आपल्या खळ्यात त्याचे तुकडे-तुकडे केलेत. आपले वडील ओटीवर बसून सगळ्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होते, “पोरगो खुळो झालो. पक्की नोकरी टाकून लोखंड खाता.” आपण फक्त एक गोणपाट अंथरलात आणि काढलेला प्रत्येक भाग काढल्याच्या क्रमाने डावीकडून उजवीकडे मांडत गेलात, आणि आक्काला ताकीद दिलीत की हे गोणपाट कोणी ओलांडायचे नाही. मग त्या इंजिनाने एक दिवस खोकला काढला, आणि आपला चेहरा मी पाहिला. आज त्या खोकल्याची रवळनाथ राइस मिल झाली आहे आणि आपले जे सोबती परळला राहिले, त्यांच्या गिरणीचा भोंगा संपापासून वाजलेला नाही. विषयांतर संपले. संबंध नाही असे मी आधीच सांगितले आहे.

आता मूळ मुद्दा. घटस्थापनेनंतर मी एकदा मनाचा हिय्या करून आपला अर्ज आणि माझे शाईचे पेन दोन्ही चौरंगाजवळ ठेवले. (पंच्यावर नाही, पंच्यावर ठेवायची माझी छाती झाली नाही.) नलूने अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिले, आणि आपल्यासारखीच भुवई वर करून म्हणाली, “ठीक आहे. दसऱ्याला राणेकाका बघायला येतायत. त्यांच्यासमोर मशीन चाललं, तर मी बँकेत परत जाणार नाही. नाही चाललं, तर तिथल्या तिथे सही करते. तुझं पेन, बाबांचा अर्ज. कबूल?” मी कबूल म्हटले. आपल्या वतीने इतका चांगला सौदा मी दुसरा करू शकलो नसतो.

हे राणे म्हणजे चंद्रप्रकाश राणे, आपल्याच फोंड्याचे. इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचा औषधाच्या बाटल्यांची प्लॅस्टिकची बुचे काढायचा कारखाना आहे. वयाने आपल्याएवढे, अंगाने आपल्या दीडपट, आणि मुंबईत हयात काढूनही तोंडातले मालवणी तसूभर हललेले नाही. कामगारांचे पगारपत्रक करता करता त्यांचे दोन कारकून एकमेकांशी बोलेनासे झाले, म्हणून त्यांना कॉम्प्युटर हवा होता. आणि नवी वस्तू घ्यायची तर दसऱ्याच्या मुहूर्तावरच, असा त्यांचा नेम.

आदल्या दिवशी खंडेनवमी. घरातली हत्यारे पूजेला मांडली: शकुची विळी, माझे पेन, कांबळ्यांची पहार (ते स्वतः पूजा करत नाहीत, पण पहार बसली तर माझी हरकत नाही म्हणाले) आणि मध्ये नलूचा कॉम्प्युटर, पेटीत घातलेला, पुसून लखलखीत केलेला. मी आंघोळ करून, माझ्या लग्नात आपण दिलेले रेशमी सोवळे नेसून बाहेर आलो. नलू दोन्ही हात पसरून आडवी उभी राहिली. “मामा, रेशीम!” मी म्हणालो, बाई, सुती पंचा नेसून शस्त्रपूजा करायची म्हणजे काय? ती म्हणाली, “मग लांबून कर.” शकुनेही तिचीच बाजू घेतली. शेवटी तडजोड झाली. यंत्राला गंध-फूल नलूने वाहावे, आणि मी खोलीच्या उंबऱ्यावर रेशमी उभा राहून मंत्र म्हणत अक्षता टाकाव्यात. अक्षतांना नव्या गोणीतले आपले न उकडलेले सुरय तांदूळ घेतले होते; कुंकवात भिजवलेला एकेक दाणा अख्खा, कणी म्हणून शोधून सापडणार नाही. मी मंत्र म्हटले आणि हात भरून अक्षता टाकल्या. (नेम चांगला आहे. लहानपणी मी आंबे पाडत असे.) पूजेतले हत्यार दसऱ्यापर्यंत चालवायचे नाही, म्हणून नलूनेही त्या दिवशी बटण दाबले नाही.

दसऱ्याला राणे धोतर-टोपीत आले. “मास्तरानू, खंय आसा ता यंत्र?” म्हणत ते खुर्चीवर बसले, आणि खुर्ची काय ते बोलली. शकुने पाणी दिले. नलूने नळाला हात लावला, यंत्राला नमस्कार केला, आज्ञांची ती काळी पातळ चौकोनी तबकडी, जिला फ्लॉपी म्हणतात, ती पेटीच्या तोंडात सरकवली आणि बटण दाबले. शिट्टी एकच झाली. आकडे चढले. मग पेटीच्या पोटातून ‘कुर्र, कुर्र’ असा आवाज आला आणि पडद्यावर एक हिरवे इंग्रजी वाक्य उमटले. त्याचा अर्थ, तबकडी घाला. तबकडी तर घातलेली होती! तिने काढून पुन्हा घातली. कुर्र, कुर्र. तबकडी घाला. दुसरी घातली. यंत्र आपले जेवून बसलेल्या पाहुण्यासारखे ‘वाढा की’ म्हणतच राहिले.

“काय झाला गो बाय?” राणे.

“बघते काका. तुम्ही बसा. मामी चहा देतेय.”

भावोजी, त्या क्षणी आपला अर्ज माझ्या सदऱ्याच्या खिशात होता आणि पेन पूजेतून नुकतेच सुटून अर्जाला टेकले होते. आपण जिंकला होता. मला फक्त दोन्ही बाहेर काढायचे होते. मी खिशावर हात ठेवला, आणि तो तिथेच ठेवून उभा राहिलो. शकुला वाटले माझ्या छातीत दुखते आहे. नलूने एकदाच माझ्या खिशाकडे पाहिले. मग ती राण्यांना म्हणाली, “काका, मला हे उघडावं लागेल. तुम्हाला वेळ आहे का? नसला तर आताच सांगा, मी थांबवणार नाही.” माणूस अशा वेळी गिऱ्हाइकाला गोड बोलून उद्या बोलावतो. ही मुलगी त्याच्या डोळ्यांसमोर आपला देव उघडायला बसली.

“येळ आसा,” राणे म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली.

तिने पंचा अंथरला. वायर काढली, झाकण काढले. (आतला श्लोक राण्यांनी मोठ्याने वाचला आणि “मंत्र पण घातल्यात काय?” म्हणून हात जोडले.) काढलेला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक पट्टी ती पंच्यावर डावीकडून उजवीकडे ठेवत गेली. ना घाई, ना घाम. शकु चहा घेऊन आली तेव्हा वर न बघता म्हणाली, “मामी, ओलांडू नको. वळसा घालून ये.” आधी तिने एक जोड तपासला, ठीक. मग दुसरी पट्टी तपासली, ठीक. मग तबकडी ज्यात घालतात तो डबा सोडवून हातात घेतला, त्याच्या तोंडात बॅटरीचा झोत टाकला (बॅटरी कोणी धरली हे सांगायला नको) आणि शकुच्या चिमट्याने अगदी हळूच आतून काहीतरी ओढून काढले आणि तळहातावर ठेवले.

एक तांदळाचा दाणा. कुंकवाने लाल. अख्खा.

मी आदल्या दिवशी नेसलेल्या रेशमी सोवळ्याकडे पाहिले; ते दोरीवर निष्पापपणे वाळत होते. भावोजी, नीट विचार करा. रेशीम आपण दिलेले, तांदूळ आपल्या गिरणीचा. माझा नुसता हात. कणकवलीहून आलेला तो एक दाणा आपल्या बाजूने एकटा लढला आणि जवळजवळ जिंकला होता. नलू दाण्याकडे पाहत होती. मला वाटले आता रडेल किंवा मला बोलेल. ती हसायलाच लागली. “मामा, बाबांना लिही. त्यांच्या तांदळाला फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालून बघितलं. कणी पडत नाही!”

मग उजवीकडून डावीकडे, सगळे भाग आपापल्या जागी परत गेले. बटण. शिट्टी. आकडे. या वेळी कुर्र नाही. एक छोटा हिरवा ठिपका उघडझाप करत पुढच्या हुकमाची वाट बघत उभा राहिला. नलूने राण्यांच्या कामगारांची नावे आणि हजेरी टाइप केली आणि पगारपत्रक पडद्यावर उतरले. राण्यांची नजर पडद्यावर नव्हती, रिकाम्या पंच्यावर होती. मग विचारले, “चेडवा, ह्या असा उघडूक तुका कोणी शिकवला?”

“बाबांनी,” नलू म्हणाली. “डिझेल इंजिनावर.”

मी मध्येच, हवे तर पुन्हा एकदा सगळे चालवून दाखवू, असे काहीतरी म्हणालो. राण्यांनी हात हलवून मला गप्प केले. “मास्तरानू, मशीन बंद पडाचाच. माझी बुचांची मशिना रोज पडतत. पडला तर उघडतलो कोण, ह्या माका बघूचा होता. आज न पडता तर मी चहा पिऊन गेलो असतंय. ह्यो माका दी, आणि असोच एक माझ्या भावाच्या कारखान्याक.” आणि त्यांनी नलूच्या हातावर आपट्याचे पान ठेवले. तिने त्यांना वाकून नमस्कार केला, आणि मग माझ्यासमोर येऊन हात पुढे केला. मला वाटले पान मागते. तिने माझ्या खिशातून पेन काढून घेतले आणि राण्यांची ऑर्डर लिहून घ्यायला बसली.

तेव्हा आपल्या पहिल्या आज्ञेचा निकाल असा की समजूत घातली गेली. कोणी कोणाची घातली एवढेच थोडे मागेपुढे झाले. सध्या ती रजेवर आहे, आणि महिनाअखेर बँक सोडते आहे. आपण मला दोष द्याल तर तो मी घेईन. पण तिच्या हाताला दोष देऊ नका, तो हात आपला आहे. आक्काला नमस्कार. शकु तिला वेगळे लिहिणार आहे (म्हणजे हेच सगळे, पण माझ्या छातीत दुखण्याच्या भागासह). कंबर जपा आणि गोणी दुसऱ्याला उचलू द्या.

आपला आज्ञाधारक (पाच अंगांनी),
दत्ताराम

ता. क. आपला अर्ज वाया गेला असे वाटून घेऊ नका. वकिलांनी कागद जाड वापरला आहे. नव्या टेबलाचा एक पाय आखूड निघाला, त्याखाली चौघडी करून घातल्यापासून यंत्र तसूभर हलत नाही.

ता. क. २ आता ज्यासाठी एवढे लिहिले ते. राण्यांनी आपल्या गाळ्याचा पोटमाळा नलूला वापरायला दिला आहे. पाटी रंगवायची आहे, आणि त्यावर तिला ‘रवळनाथ कॉम्प्युटर्स’ लिहायचे आहे. पण बाबांच्या गिरणीचे नाव बाबांना विचारल्याशिवाय लावणार नाही म्हणते, आणि विचारायला तोंड होत नाही म्हणते. रंगारी पाटीला पांढरा हात देऊन बसून आहे. आपण पाडव्याला तिला न्यायला येणार होताच; ते येणे रद्द करू नका. त्याच दिवशी पोटमाळ्यावर नारळ फोडायचा आहे आणि तो आपल्या हाताने फुटावा असे आहे. आक्काला बरोबर आणा, भाऊबीज इथेच होईल. न्यायचे काय ते नारळ फुटल्यावर बोलू.

ता. क. ३ पाकीट नलूकडे चिकटवायला दिले, तर तिने चष्म्याच्या घरातून (सापडले!) तो लाल दाणा काढून आत टाकला. आमंत्रणाला अक्षत द्यावी लागते, तेवढे तिला माहीत आहे. म्हणाली, “बाबांना सांग, अख्खा आहे. येताना परत घेऊन या.” कृपा करून घेऊन या, भावोजी. मात्र टाकायचा झाला तर मी टाकणार नाही, आपण टाका; आणि सुती नेसून.